‘नॉन-व्हायेबल’ म्हणजे काय?

सोनोग्राफीच्या अहवालात हा शब्द दिसला की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. गर्भ जिवंत नाही किंवा पुढे जगू शकणार नाही, असा त्याचा अर्थ. ‘व्हायेबल’ हा शब्द फ्रेंचमधून आला. तिथे ‘व्ही’ म्हणजे जीवन, त्यावरून ‘जगण्याजोगा’. त्याचं मूळ लॅटिन ‘व्हिटा’, आणि हा ‘व्हिटा’ आपल्या ‘जीव’ शब्दाचा दूरचा भाऊबंदच.

बियाण्यालाही हीच कसोटी लागते. शेतकरी सोयाबीनचे 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि काही दिवसांनी कोंब मोजतो. किमान 70 उगवले, तर बियाणं पेरण्याजोगं.

मराठीत ‘जीवनक्षम’ हा नेमका शब्द आहे. डॉक्टरांनी तो वापरून, शेजारी बसून समजावलं, तर दुःख टळत नाही. पण निदान कळतं तरी.