दवाखान्यातील रंगीत तालीम



या पानावर एरवी मी बेणेप्रक्रिया, हुमणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. या खेपेस विषय दवाखान्याचा आहे, कारण गेल्या महिन्यात तिथे मला मण्यार चावली. म्हणजे खोटीच चावली.

त्यामागे खरी गोष्ट आहे. काही हंगामांपूर्वी माझ्या गटातील एका तोडणी कामगारास खोपीत झोपेत मण्यार चावली. मण्यारीचा दंश दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोट दुखू लागले म्हणून आम्ही त्यास जवळच्या एका दवाखान्यात नेले. तो बोलत होता. लस कपाटात होती, पण किल्ली कोणाकडे आहे ते कळेना. पुढच्या रुग्णालयाच्या वाटेवर त्याचा श्वास थांबला. तिथली माणसे कामचुकार नव्हती, पण असा प्रसंग त्यांनी पूर्वी पाहिलाच नव्हता.

बाह्यरुग्ण विभागात रोज खोकला, ताप, मलमपट्टी. जीव जाण्याचा प्रसंग वर्षातून एखादा. मग हात बसणार कसा? त्यावर उपाय म्हणजे नाटकाप्रमाणे तालीम. ही कल्पना काही आजची नाही. श्वास देण्याचा सराव करण्यासाठी नॉर्वेतील आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्याने १९६० साली माणसाएवढी बाहुली बाजारात आणली. आपल्याकडे बाहुली नव्हती, म्हणून मी.

जिल्ह्याहून आलेल्या डॉक्टरांनी माझ्या छातीवर कागद लावला : "पापण्या जड, बोलणे अडखळते." अट अशी की जागा रोजचीच, माणसे रोजचीच, कपाटही तेच, फक्त बाटल्या रिकाम्या. एकाने घड्याळ धरून प्रत्येक गोष्टीची वेळ लिहायची.

आणि मग गंमत उघडी पडली. कंपाउंडर चहाला गेलेले, किल्ली त्यांच्या खिशात! रक्त गोठते का ते पाहण्यासाठी स्वच्छ, कोरडी काचेची नळी लागते. तीत थोडे रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवायची. आमच्याकडे नळ्या प्लॅस्टिकच्या, त्यांत ही चाचणी फसते. रक्त गोठले नाही तर घोणस किंवा फुरशाचा संशय. पण मण्यार-नागाच्या दंशात रक्त गोठते, म्हणून चाचणी चांगली आली तरी पापण्या पडत असतील तर लस द्यावीच लागते. हे तिथे सर्वांना ठाऊक नव्हते.

लस भुकटीच्या रूपात असते. सुरुवातीलाच दहा बाटल्या लागतात, लहान मुलालाही तेवढ्याच. प्रत्येक बाटली हलक्या हाताने फिरवून विरघळवायची, जोरात हलवली तर फेस येतो. सिस्टरबाई एकट्या दहा बाटल्या विरघळवीत बसल्या तेव्हा कळले की दोन माणसे हवीत. लसीची रिअॅक्शन येऊन रोगी दगावू शकतो, म्हणून अॅड्रेनलिनचे इंजेक्शन आधीच भरून ठेवायचे. आमच्या ट्रेमधील अॅम्प्यूलची मुदत संपलेली होती. खरा रोगी असता तर?

तालीम संपल्यावर सगळे गोल करून बसले. "कोण चुकले" हा प्रश्न विचारायचा नाही, "कशामुळे अडले" एवढेच विचारायचे. माझ्या मते खरे शिक्षण इथेच झाले. शिपाई एरवी डॉक्टरांपुढे तोंड उघडत नाही, तो म्हणाला, "साहेब, तुम्ही 'इंजेक्शन द्या' म्हणालात, पण कोणाला ते नाही सांगितलंत." तेव्हापासून नाव घेऊन सांगायचे आणि ऐकणाऱ्याने ते मोठ्याने परत म्हणायचे, असे ठरले. किल्ली आता दाराजवळच्या खिळ्यावर असते. काचेच्या नळ्या आल्या. श्वास थांबला तर फुगवायची अंबू पिशवी भिंतीवर टांगली आहे, आणि ती शिपायासही चालवता येते.

एकदा शिकलेले काही महिन्यांत विसरते, म्हणून दर तीन महिन्यांनी तालीम होईल.

आपल्या बाजूचे काम थोडेच. दंश झाला तर आवळून बांधू नये, चिरू नये, चोखू नये. हातपाय स्थिर ठेवून सरळ दवाखाना गाठावा किंवा १०८ ला फोन करावा. देवऋषीकडे गेलेला तास परत मिळत नाही.

पुढची तालीम रात्रीची आहे. रोगी होण्यास कोणी तयार असल्यास गट ऑफिसात चिटबॉयकडे नाव द्यावे. चहा माझ्याकडून.

आपला,
ऊस विकास अधिकारी