चेंडूंची साखळी

कलाशाखेच्या वार्षिकात रसायनशास्त्राचा लेख पाहून वाचक दचकतील. पण उल्हासनगरच्या कॅम्प ४ मध्ये वाढलेल्या माझ्यासारख्याच्या कानावर शहाडच्या रेयॉन कारखान्याचे नाव लहानपणापासूनच असते. लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोज ही निसर्गाने घडवलेली लांब साखळी. कॉस्टिक सोड्यातले सोडियम तिला विरघळायला मदत करते आणि धागा आम्लात उतरला की निघून जाते. इथे अल्क धातू हा पाहुणा. पण तोच साखळी जुळवतो आणि घरातच राहतो, असेही एक उदाहरण आहे.

१९८५ साली क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना ६० कार्बन अणूंचा पोकळ रेणू सापडला. १२ पंचकोन, २० षटकोन, हुबेहूब फुटबॉल! या फुलरीनबद्दल त्यांना १९९६ चे नोबेल मिळाले. घन फुलरीनमध्ये हे चेंडू शेजारी शेजारी नुसते रचलेले असतात. केंद्रांमधले अंतर सुमारे एक नॅनोमीटर.

आता दर चेंडूमागे पोटॅशियम, रुबिडियम किंवा सिझियमचा एक अणू घातला, तर तो आपला बाहेरचा एकुलता इलेक्ट्रॉन चेंडूला देऊन टाकतो. धातू धनभारित, चेंडू ऋणभारित. त्यांना आयनिक बंध धरून ठेवतो. तापलेले असताना चेंडू सुटे गरगरत असतात. सावकाश निवू दिले की दोन शेजारी समोरासमोर येतात, प्रत्येकाच्या एका दुहेरी बंधाचा एक पदर सुटतो आणि दोघांमध्ये चार कार्बनांचा चौकोन जुळतो. हा सहसंयुज बंध. दोन्ही बाजूंनी असे झाले की साखळी होते आणि अंतर ०.९१ नॅनोमीटरवर येते. ही रचना १९९४ साली उलगडली. दर चेंडूमागे सोडियमचे चार अणू असले, तर चौकोनाऐवजी एकेरी बंध जुळतात आणि साखळीऐवजी जाळे विणले जाते.

झपाट्याने थंड केले, तर मात्र साखळी होत नाही. दोन-दोनच्या जोड्याच बनतात. हे वाचले आणि मला आमची बराक आठवली. १९४७ नंतर सिंधमधून आलेली कुटुंबे दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत राहिली. भिंतीला भिंत लगेच मिळाली. शेजार जुळायला वर्षे लागली. आमचे मराठी घर त्या शेजारात पुढे सामावले. आता बराक पाडायचे घाटते आहे.

फुलरीनची साखळी शंभर-सव्वाशे अंशांपलीकडे तापवली की तुटते. सावकाश निवली की पुन्हा जुळते. आम्ही निरनिराळ्या इमारतींत गेल्यावर काय होईल, याचे उत्तर रसायनशास्त्राकडे नाही. ते आम्हालाच शोधावे लागेल.