मोडलेले हाड आणि उघडी जखम



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी अस्थिभंगाचा विषय निवडावा, याचे आपणांस नवल वाटेल. वैद्यकाचा अधिकार मला नाही. जाणकारांना विचारून आणि ग्रंथ वाचून जे समजले तेवढेच मी मांडणार आहे. या निवडीमागे एक जुने ऋण आहे.

१९६२ साली मी अकरा वर्षांचा होतो. शेणखताने भरलेली बैलगाडी आमच्या सालदाराच्या पायावरून गेली. नडगीचे हाड मोडून त्याचे टोक कातडीबाहेर आले. घरच्या वडीलधाऱ्यांनी ते टोक आत दाबले, जखमेत हळद व चुना भरला आणि बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या. हळदीची वाटी मीच धावत जाऊन आणली होती. चौथ्या दिवशी ताप चढला, पाय काळा पडला, दुर्गंधी सुटली. तेव्हा कुठे रामाकोना स्थानकावरून छोट्या गाडीने त्याला नागपूरला नेले. जीव वाचला, पाय मात्र गुडघ्याच्या वरून कापावा लागला. आम्ही जे केले ते मायेनेच केले होते, आणि तेच मला आजवर बोचत आले आहे.

हाड मोडले तरी वरची कातडी शाबूत असेल, तर आतील भाग बाहेरच्या जंतूंपासून सुरक्षित राहतो. कातडी फाटून मोडलेल्या जागेचा बाहेरच्या हवेशी, मातीशी संबंध आला, की तो उघडा अस्थिभंग होय. कधी हाडाचे टोकच आतून कातडी भेदते. कधी चाक किंवा दगड बाहेरून कातडी, स्नायू आणि हाड एकदमच चिरडतो. नडगीच्या पुढच्या अंगाला हाडावर कातडीखेरीज फारसे आवरण नसते. म्हणून हे संकट तेथे वारंवार ओढवते. जखमेतून जंतू शिरतात, चिरडलेल्या मांसात रक्त पोचत नाही, आणि मेलेल्या मांसात जंतूंना आयतेच अन्न मिळते. हाड सांधण्याआधी जखम निर्मळ करणे अगत्याचे ठरते, ते यामुळेच.

आमच्या सालदाराच्या अपघाताआधी जवळजवळ शंभर वर्षे, १२ ऑगस्ट १८६५ रोजी, ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत जेम्स ग्रीनलीस नावाचा अकरा वर्षांचा मुलगा आला. त्याच्याही पायावरून गाडीचे चाक गेले होते आणि नडगी उघडी मोडली होती. त्या काळी असा पाय बहुधा कापूनच टाकीत. जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लात भिजवलेल्या पट्ट्यांनी जखम झाकली. पू झाला नाही. सुमारे सहा आठवड्यांत हाड जुळून आले. लिस्टर यांना जे १८६५ साली उमगले, ते १९६२ साली आमच्या अंगणात पोचले नव्हते.

आपल्या भागात कारणांची वाण नाही. नागपूर-छिंदवाडा मार्गावरील वाहने, उलटणारे ट्रॅक्टर, मळणीयंत्रे, विहिरीची खोदाई ही तर आहेतच. त्याशिवाय पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये होणारी गोटमार आहे. वेगाने आलेला दगड कातडी आणि हाड दोन्ही फोडू शकतो. परंपरेविषयी मतभेद असू शकतील. जखमेच्या धर्माविषयी मतभेदाला जागा नाही.

गस्टिलो आणि अँडरसन यांनी १९७६ साली अशा जखमांचे तीन वर्ग केले. एक सेंटिमीटरहून लहान व स्वच्छ जखम पहिल्या वर्गात. त्याहून मोठी, परंतु भोवतालचे मांस फारसे न चिरडलेली दुसऱ्या वर्गात. फार मोठी अथवा खूप चिरडलेली तिसऱ्या वर्गात. शेतातल्या शेणामातीने माखलेली जखम आकाराने लहान असली, तरी ती तिसऱ्याच वर्गात धरतात. शेतकऱ्याच्या घरी ही गोष्ट ठाऊक असलीच पाहिजे.

रुग्णालयात प्रथम श्वास आणि रक्तस्राव पाहतात. शक्य तितक्या लवकर, होता होईल तो पहिल्या तासातच, प्रतिजैविक देतात. धनुर्वाताची लस टोचतात. मग भूल देऊन जखम भरपूर क्षारजलाने धुतात आणि मेलेले मांस कापून काढतात. मांस जिवंत आहे की नाही, हे त्याचा रंग, घट्टपणा, चिमट्याने आकुंचन पावणे आणि रक्त येणे यांवरून ठरवितात. त्यानंतर हाडात सळई घालून किंवा बाहेरून धातूची चौकट बसवून ते स्थिर करतात. कातडी अपुरी असल्यास दुसरीकडचे मांस व कातडी आणून काही दिवसांतच हाड झाकतात. हाडाचा तुकडाच गेला असेल, तर सायबेरियातील कुर्गानच्या इलिझारोव्ह यांनी १९५०च्या दशकात विकसित केलेली कड्यांची चौकट उपयोगी पडते; तीत दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने नवे हाड वाढविता येते.

परंतु हे सारे शस्त्रवैद्याच्या हातचे. आपल्या हाती आहे ती रुग्णालयापूर्वीची वेळ. स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवावे. बाहेर आलेले हाड आत ढकलू नये. हळद, चुना, तंबाखू, शेण, माती यांतले काहीही जखमेला लावू नये. स्वच्छ ओले कापड झाकून, पाय आहे त्याच स्थितीत फळीला सैलसर बांधावा. बोटे गार वा निळी पडत नाहीत ना, हे पाहावे. खाऊपिऊ घालू नये, कारण भूल द्यावी लागते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि हाडवैद्याच्या दारात वेळ दवडू नये.

आमचा सालदार पुढे कुबडीवर बरीच वर्षे जगला आणि आम्हांला त्याने कधी बोल लावला नाही. या शाळेतल्या एखाद्या मुलावर उद्या धावत जाऊन काही आणण्याची वेळ आली, तर त्याने हळदीच्या वाटीऐवजी धुतलेले धोतर आणावे, एवढ्यासाठीच मी आज आपला वेळ घेतला.