वाकड्या हँडलची सायकल आणि बधिर होणारी करंगळी



मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस वस्तीतली एक आई आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "ताई, ह्याच्या हातात जीवच राहिला नाही बघा. परवा शर्टाचं बटण लावता येईना." मुलगा सकाळी आयटीआयला वायरमनचं शिकतो आणि संध्याकाळी सायकलवरून जेवणाची पार्सलं पोचवतो. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं होतं. पक्कड धरली की निसटत होती. शेजारीपाजारी सल्ले द्यायला होतेच. एकजण म्हणाला लकव्याची सुरुवात आहे, दुसऱ्याने मालिशवाल्याचा पत्ता दिला.

मी त्याला अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये कागद धरायला सांगितला आणि कागद हळूच ओढला. डाव्या हाताने त्याने तो घट्ट धरला. उजव्या हातातला कागद मात्र सुटायला लागला आणि तो धरून ठेवण्यासाठी अंगठ्याचं टोक आपोआप वाकलं. मग मी विचारलं, "सायकल कुठली चालवतोस?"

सायकल बाहेरच उभी होती. जुन्या बाजारातून घेतलेली, आपण जिला रेसर म्हणतो ती, एडक्याच्या शिंगांसारखं पुढे जाऊन खाली वळलेलं हँडल असलेली. ब्रेकच्या मुठीवरचं रबर फाटून गेलेलं, नुसता धातू उघडा. हात कुठे ठेवतोस असं विचारलं तर त्याने तीच मूठ दाखवली. चार-चार तास हात तिथेच. "आणि हा खालचा वाक कधी धरतोस?" तो हसला. "ते रेसवाल्यांचं असतं ना ताई? मी कशाला धरू?"

त्याचं दुखणं तिथेच सापडलं. सोसायट्यांमधून जुन्या झालेल्या अशा सायकली आता आपल्या वस्त्यांत बऱ्याच येतात. स्वस्त मिळतात, हलक्या असतात, पेट्रोल लागत नाही. पण त्यांचं हँडल कसं धरायचं हे सायकलीबरोबर कुणी सांगत नाही.

हात का बधिर होतो?

आपल्या हाताच्या संवेदना आणि हालचाली मेंदूपर्यंत नेणाऱ्या-आणणाऱ्या नसा असतात. या रक्ताच्या नव्हेत, चेतातंतूंच्या नसा. त्यातली एक, अल्नर नावाची, कोपराच्या आतल्या बाजूने खाली येते. कोपर कुठे आपटलं की जी झिणझिणी येते, ती याच नसेची. मनगटापाशी करंगळीच्या बाजूला तळहातावर दाबून पाहा, वाटाण्याएवढं एक हाड लागेल. त्या हाडाला लागून एका अरुंद वाटेतून ही नस पंजात शिरते. फ्रेंच शल्यचिकित्सक ग्यों यांनी १८६१ मध्ये या वाटेचं वर्णन केलं, म्हणून डॉक्टर लोक तिला आजही त्यांच्याच नावाने ओळखतात.

सायकलवर पुढे झुकलं की अंगाचा बराचसा भार तळहातावर येतो. हात एकाच जागी राहिला की तो भार नेमका या नसेवर बसतो आणि खड्ड्यांचे हादरेही तिलाच बसतात. मग करंगळीला आणि शेजारच्या बोटाच्या करंगळीकडच्या बाजूला मुंग्या येतात. पंजातले बहुतेक लहान स्नायू याच नसेवर चालतात, त्यामुळे बोटं फाकवणं, बटण लावणं, किल्ली फिरवणं, सुई किंवा पक्कड धरणं जड जातं. कधीकधी मुंग्या येतच नाहीत, नुसती ताकद जाते, आणि म्हणून लक्षात यायला उशीर होतो.

अंगठा, पहिलं आणि मधलं बोट बधिर होत असेल तर दाब दुसऱ्या नसेवर आहे. ती मनगटाच्या मधोमध जाते. मनगट मागे मोडून हँडल रेटलं की तिला त्रास होतो.

खाली वळलेलं हँडल कशासाठी?

हे हँडल नुसतं शर्यतीच्या ऐटीसाठी वाकवलेलं नाही. हात ठेवायला त्यावर तीन वेगवेगळ्या जागा मिळतात. सरळ दांड्याच्या साध्या सायकलवर ती सोय कमी असते.

पहिली जागा वरचा आडवा दांडा. इथे हात ठेवले की पाठ सरळ होते, छाती मोकळी होते, श्वास नीट घेता येतो. हळू चालवताना, लांब चढावर, मोकळ्या रस्त्यावर कंबरेला विसावा देण्यासाठी ही जागा चांगली. पण इथून ब्रेक लांब राहतो. म्हणून गर्दीत, चौकात, गल्लीच्या तोंडाशी हात इथे नको. दोन्ही हात अगदी मधोमध जवळ आणले तर सायकल डगमगते, हेही लक्षात ठेवा. काही जुन्या सायकलींना या दांड्याखाली ब्रेकची जादा पट्टी जोडलेली असते. तिच्याने ब्रेक पूर्ण ताकदीने लागत नाही. घाईच्या वेळी तिच्यावर विसंबू नका.

दुसरी जागा ब्रेकच्या मुठी. अंगठा आणि पहिल्या बोटामधली बेचकी मुठीवर बसवायची, अंगठा आतून, बाकीची बोटं बाहेरून, त्यातली एक-दोन ब्रेकवर. बराचसा प्रवास इथूनच करावा. समोरचं दिसतं आणि ब्रेकही हाताशी असतो. फक्त भार बेचकीवर आणि तळव्याच्या मांसल भागावर यायला हवा, करंगळीखालच्या हाडावर नाही. मनगट बाहेर मोडलेलं नसावं. हात मिळवायला पुढे करतो तसं सरळ असावं.

तिसरी जागा खालचा वाक. उतारावर आणि समोरून वारा असताना हात इथे घ्यावेत. शरीर खाली येतं, हवेचा अडथळा कमी होतो. वेगात आपली जास्तीत जास्त ताकद हवा कापण्यातच जाते, त्यामुळे हा फरक लगेच कळतो. आणखी महत्त्वाचं म्हणजे इथून ब्रेक सर्वांत जोरात लागतो, कारण बोटं ब्रेकच्या टोकाकडे पोचतात. जुन्या सायकलीवर तर वरच्या मुठीवरून ब्रेक कमीच लागतो. म्हणजे खालचा वाक फक्त रेसवाल्यांचा नाही, उतारावर सायकल सावरणाऱ्या प्रत्येकाचा आहे. मात्र इथे मान आणि कंबर वाकलेली राहते, म्हणून एका वेळी थोडाच वेळ.

याशिवाय आडवा दांडा आणि मूठ यांच्यामध्ये जो उतरता भाग असतो, तिथेही थोडा वेळ हात ठेवता येतो.

हात कसे बदलावेत?

नियम सोपा आहे. हात बधिर होण्याची वाट पाहू नका. दर पाच-दहा मिनिटांनी जागा बदला. सिग्नलला थांबलात की दोन्ही हात खाली सोडून झटका, मुठी उघडा-मिटा.

- जागा बदलताना एका वेळी एकच हात उचला.
- खड्डा, गतिरोधक, चौक किंवा ओला रस्ता दिसला की आधी हात ब्रेकवर आणा. त्या वेळी जागा बदलू नका.
- कोपर किंचित वाकलेलं ठेवा. ताठ हाताने प्रत्येक हादरा मनगटातून खांद्यापर्यंत जातो.
- दांडा आवळून धरू नका, पण अंगठ्याचा विळखा सोडू नका. अंगठा वर ठेवून नुसता तळवा टेकवला की एका खड्ड्यात हात निसटतो.
- हँडलला पिशवी अडकवू नका. हात ठेवायची एक जागा जाते आणि पिशवी चाकात अडकण्याची भीती असते. पाठीवरच्या ओझ्याचाही भार हातावर येतो. जमेल तेवढं सामान मागच्या कॅरिअरवर बांधा.

मोबाईलवर शर्यती पाहून काही मुलं दांड्यावर नुसते कोपर आणि हात टेकवून, काही न पकडता वेगात जातात. १ एप्रिल २०२१ पासून आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने, म्हणजे यूसीआयने, एकत्र धावणाऱ्या रोड शर्यतींमध्येही असं बसायला बंदी घातली आहे. जे सरावलेल्या खेळाडूंनाही चालत नाही, ते आपल्या रिक्षा-टेम्पोच्या रस्त्यावर कसं चालेल?

आधी सायकल तपासा

कितीही हात बदलले तरी सायकल अंगाला जुळत नसेल तर त्रास राहतोच. सीटवर आडवी पट्टी ठेवून पाहा. सीटचं टोक खाली झुकलेलं असेल तर माणूस सतत पुढे घसरतो आणि हातांनी स्वतःला रेटत राहतो. सीट सपाट करून घ्या. हँडल फार खाली असेल तर थोडं वर घ्या. पण ज्या नळीवर हँडल बसतं तिच्यावर मर्यादेची खूण असते, त्या खुणेच्या वर ती काढू नका, हँडल निखळू शकतं.

मुली आणि लहान चणीची मुलं बहुधा मोठ्या मापाच्या सायकली चालवतात, कारण घरात तीच असते. बोटं ब्रेकपर्यंत पोचतात का हे आधी पाहा. पोचत नसतील तर सायकलवाल्याकडून ब्रेक दांड्यावर सरकवून घेता येतो. तरीही पोचत नसतील तर ती सायकल त्या मुलीसाठी नाही.

मुठीचं रबर आणि दांड्यावरची टेप फाटली असेल तर बदला. हा मोठा खर्च नाही. जिथे तळवा टेकतो तिथे टेपचा दुहेरी थर द्या.

आणि एक गोष्ट आयांनी स्वतः पाहावी. हँडलच्या दोन्ही टोकांना बुचं आहेत का? उघड्या नळीची कड पडताना सुरीसारखी लागते. मूल पडलं आणि हँडलचं टोक पोटात घुसलं, तर वरून छोटा वळ दिसतो, पण आत प्लीहा, यकृत किंवा स्वादुपिंडाला इजा झालेली असू शकते. पोट दुखणं वाढलं, उलट्या झाल्या, मूल फिकट पडलं किंवा मलूल झालं तर हळद लावून घरी ठेवू नका. तडक दवाखान्यात न्या आणि "हँडल पोटात लागलं" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

प्रत्येक बधिर बोट सायकलचं नसतं

सायकल काही दिवस बंद ठेवली, हात बदलायला लागलं की साधा बधिरपणा बहुतेक वेळा काही दिवसांत ते काही आठवड्यांत जातो. ताकद गेली असेल तर भरून यायला महिने लागू शकतात. म्हणून मुंग्या उतरत नसतील, वस्तू हातून पडत असतील, अंगठ्याजवळचा किंवा बोटांमधला भाग खोल गेलेला दिसत असेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. मालिशवाल्याने दाबून दबलेली नस सुटत नाही.

मधुमेह, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मानेचे मणके यांमुळेही हात बधिर होतात. आणखी एक कारण आपण उच्चारायला घाबरतो, ते म्हणजे कुष्ठरोग. तो हीच अल्नर नस कोपरापाशी धरतो. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, त्यावर स्पर्श कळत नसेल आणि करंगळी बधिर असेल, तर लपवू नका. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं, वेळेवर घेतलं तर रोग पूर्ण बरा होतो आणि हात वाकडा होण्यापासून वाचतो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर मात्र तो पक्षाघात असू शकतो. तिथे एक मिनिटही न दवडता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठायचं.

त्या मुलाला आम्ही सरकारी रुग्णालयात दाखवलं. चट्टा नव्हता, साखर ठीक होती. नस मनगटापाशी दबल्याचं निदान झालं. तीन आठवडे सायकल बंद. घरात ते पैसे कमी पडले, आईने दोन घरची कामं जास्त धरली. हे मी मुद्दाम सांगते, कारण दुखणं उशिरा कळलं की त्याची किंमत अशी सगळ्या घराला मोजावी लागते. सीट सरळ केली, मुठींना नवं रबर बसवलं, पार्सलची बॅग कॅरिअरवर आली. करंगळीचा बधिरपणा महिन्याभरात गेला. पकडीतली ताकद पूर्ण यायला दिवाळी उलटून गेली. आता प्रॅक्टिकलला पक्कड नीट धरतो.

परवा रस्त्यात भेटला. उतारावरून खालच्या वाकाला धरून आला, माझ्यापाशी व्यवस्थित ब्रेक लावून थांबला आणि म्हणाला, "ताई, त्या वाड्यातल्या दोन पोरांच्या पण करंगळीला मुंग्या येतात. रविवारी घेऊन येऊ का?" मी म्हटलं, "घेऊन ये, आणि सायकलीसकट ये."

तुमच्याही घरात अशी सायकल असेल तर या रविवारी तिची सीट, मुठी आणि हँडलची बुचं पाहून घ्या. आणि चालवणाऱ्याच्या हातात एक कागद धरायला देऊन तो जरा ओढून पाहा.