डोंगराची ठेव

पर्वताला नद्यांचे माहेर म्हणतात. नदीचा केवळ जन्मच पर्वतावर होतो असे नाही. तिचे पोषणही पर्वतच करतो. आकाशातून मिळालेले पाणी तो साठवून ठेवतो आणि पुढे वर्षभर थोडे थोडे देत राहतो.

हिमालयाची ही ठेव बर्फाची आहे. त्याच्या उंच शिखरांवर हिम साचते. थरांवर थर दाबले जाऊन त्याच्या हिमनद्या बनतात. उन्हाळ्यात हे हिम वितळते. म्हणूनच गंगा, सिंधू या नद्या भर वैशाखातही वाहत असतात.

बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरावर हिम पडत नाही. त्याची ठेव खडकाच्या पोटात असते. पावसाचे पाणी मुरमातून व काळ्या खडकाच्या भेगांतून खाली मुरते आणि झऱ्यांच्या व विहिरींच्या रूपाने पुन्हा माणसाच्या हाती येते. बीड शहराजवळची खजाना विहीर अशाच भूगर्भातील पाण्यावर उभी आहे. निजामशाहीच्या काळी, सोळाव्या शतकात, सलाबतखानाने ती बांधविली. जमिनीखालच्या बोगद्यांतून तिच्यात पाणी येते आणि दुसऱ्या बोगद्याने उताराकडील शेतांना जाते. त्यासाठी ना मोट लागते, ना यंत्र.

आज या दोन्ही ठेवींना धोका उत्पन्न झाला आहे. कोळसा व खनिज तेल जाळल्याने हवेत कार्बन डायऑक्साइड वायू वाढतो. तो उष्णता अडवून धरतो व पृथ्वीचे तापमान वाढते. त्यामुळे २०११ ते २०२० या दशकात हिंदुकुश व हिमालय यांतील हिमनद्या त्याआधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने झिजल्या. हिमनदी वितळू लागली की आरंभी नदीचे पाणी वाढते. पण ती लहान झाली की ते कमी होते.

बालाघाटावरील संकट निराळे आहे. तापमान एक अंशाने वाढले, की हवा सुमारे ७ टक्के अधिक वाफ धरू शकते. मग पाऊस कित्येक दिवस दडी मारतो आणि आला म्हणजे एकदम कोसळतो. अशा पावसाला मुरण्यास अवधी मिळत नाही. तो मातीसह ओढ्यातून वाहून जातो.

ठेव संपल्यावर काय होते, हे मराठवाड्याने पाहिले आहे. अवर्षण या भागाला नवे नाही. बालाघाटात, पाटोदा तालुक्यात उगम पावणाऱ्या मांजरा नदीवर धनेगाव येथे धरण आहे. २०१६ साली ते आटले, तेव्हा लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले.

हिम पाडणे माणसाच्या हाती नाही. पण धावते पाणी थांबविणे त्याच्या हाती आहे. डोंगराच्या उतारावर समतल चर खणले, ओढ्यांना बांध घातले व झाडे राखली, तर पाण्याचा वेग मंदावतो आणि ते खडकात मुरते. हवेत धूर कमी सोडणे हे साऱ्या जगाचे काम आहे. पण शिवारात पडलेला पाऊस शिवारातच मुरविणे हे प्रत्येक गावाला करता येईल.