हिरव्या शहराचा हिशेब

ब्रिटनमध्ये 2007 साली गॉर्डन ब्राउन सरकारने ‘इको-टाउन’ योजना मांडली. प्रत्येक शहरात किमान 5,000 घरे आणि तीही शून्य-कार्बन. 2009 साली चार जागा ठरल्या: बिस्टर, रॅकहीथ, व्हाइटहिल-बोर्डन आणि सेंट ऑस्टेल.

शून्य-कार्बन म्हणजे काय? शहरातल्या सर्व इमारतींच्या वीज-उष्णतेच्या वापरातून वर्षभरात होणारे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्य किंवा त्याहून कमी. उन्हाळ्यात छतावरची जादा सौरवीज ग्रीडला द्यायची, हिवाळ्यात लागेल तेवढी परत घ्यायची आणि वर्षाअखेरीस जमाखर्च जुळवायचा. त्यासाठी आधी उष्णतेची गळती थांबवावी लागते. म्हणून जाड उष्णतारोधक भिंती आणि तिहेरी काचांच्या खिडक्या.

या हिशेबात वाहतूक आणि बांधकाम साहित्याचा कार्बन मात्र धरलेला नव्हता. म्हणून वाहतुकीसाठी वेगळी अट होती: घरापासून दहा मिनिटांच्या चालीवर बस आणि रोजच्या सोयी. शिवाय 40 टक्के जमीन हिरवी.

पुढे सरकार बदलले आणि 2015 साली बिस्टर वगळता हे धोरण मागे घेतले गेले. बिस्टरला एल्म्सब्रुक वसाहत उभी राहिली. शहर वसायला दशके लागतात, तेव्हा हरित निकषही निवडणुकांपलीकडे टिकतील असे कायद्यात बांधले पाहिजेत.