ताईची किडनी चालेल का?

अकोल्याहून मूर्तिजापूरमार्गे अमरावतीला येणाऱ्या एसटीत माझा मावसभाऊ आठवड्यातून दोनदा भेटायचा. डायलिसिससाठी त्याची ही वारी. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातला हा शेतकरी. दोन्ही मूत्रपिंडे निकामी. थोरली बहीण एक मूत्रपिंड द्यायला तयार झाली आणि घरात दिवाळी आली. पण तपासणीत तिच्या रक्तात ‘हिपॅटायटिस सी’ निघाला.

१९९६ साली बाळंतपणात तिला रक्त चढवले होते. त्या काळी रक्तपेढ्यांत या विषाणूची तपासणी सक्तीची नव्हती. सासूने तिचे ताट वेगळे केले. भाऊ मला म्हणाला, “दादा, ताईची किडनी आता चालत नाई का? तेवढं सांग मले.”

एके काळी उत्तर ‘नाही’ असेच असते. मूत्रपिंडाबरोबर विषाणूही घेणाऱ्याच्या शरीरात जातो. नवा अवयव टिकावा म्हणून प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असते, तेव्हा यकृताला धोका वाढतो. जुनी इंटरफेरॉनची इंजेक्शने दिली, तर बसवलेले मूत्रपिंडच शरीर नाकारण्याची भीती!

२०१३ नंतर आलेल्या नव्या गोळ्यांनी चित्र पालटले. साधारण १२ आठवड्यांत शंभरातले ९५हून अधिक रुग्ण बरे होतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, हा विषाणू नसलेल्या १० रुग्णांना बाधित मृत दात्यांची मूत्रपिंडे बसवली होती. गोळ्यांनी दहाही जण विषाणूमुक्त झाले.

दाता जिवंत असेल तर वाट अधिक सोपी. आधी दात्यावर उपचार, यकृताची तपासणी, गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा रक्ततपासणी आणि सारे ठीक असेल तरच शस्त्रक्रिया. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधे मोफत मिळतात.

‘बी’ची, म्हणजे आपल्या पांढऱ्या काविळीची, गोष्ट वेगळी. ती गोळ्यांनी दबते, मुळातून सहसा जात नाही. पण तिच्यावर लस आहे. म्हणून डायलिसिसच्या रुग्णाने ती वेळीच टोचून घ्यावी.

ताईने ८४ दिवस, रोज देवापुढे दिवा लावून गोळी घेतली. पुढच्या तपासणीत विषाणू सापडला नाही. यकृतही शाबूत निघाले. अहवाल ऐकून सासू काही बोलली नाही. संध्याकाळी मात्र तिने सुनेचे ताट स्वतःच्या ताटाशेजारी मांडले. हा विषाणू रक्तातून पसरतो, एका पंगतीत जेवल्याने नाही, हे तिला आधीच कुणी सांगितले असते तर!

भावाचा फोन आला: “दादा, तारीख भेटली.”